सुरुवातीचे क्वेकर: त्यांची पत्रकं आणि त्यांची भांडणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या या ख्रिस्ती पंथाबद्दल कुठेही बोललो की साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही गोष्टी दोन ओळींत संपतात, काहींना संपवावंसं वाटत नाही.

क्वेकर म्हणजे ओट्सच्या डब्यावरचा तो टोपीवाला का?

हा प्रश्न कायम पहिला येतो, म्हणून आधी तोच उरकतो. चित्र क्वेकर माणसाचंच आहे, पण कंपनीचा पंथाशी काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत अमेरिकेत क्वेकर म्हणजे सचोटीचा माणूस अशी ख्याती झाली होती, ती मालाला चिकटवली इतकंच.

१६५० मध्ये मात्र हा शब्द शिवीच होता. डर्बी गावात जॉर्ज फॉक्सला ईशनिंदेच्या आरोपाखाली न्यायाधीशांपुढे उभं केलं, तेव्हा तो त्यांनाच म्हणाला की देवाच्या वचनापुढे थरथर कापा. त्यावर गर्व्हेज बेनेट या न्यायाधीशाने त्याला आणि त्याच्या लोकांना 'थरथरे' म्हणून हिणवलं. इंग्रजीत 'क्वेकर' म्हणजे तेच, कापणारा. हे लोक स्वतःला 'प्रकाशाची लेकरं' म्हणत, पुढे 'फ्रेंड्स' म्हणजे मित्र म्हणू लागले. पण टवाळीचं नावच टिकलं. टोपणनावांचं असंच असतं.

फॉक्स होता कोण आणि त्याचं म्हणणं काय होतं?

विणकराचा मुलगा. १६२४ मध्ये लेस्टरशायरमधल्या ड्रेटन गावी जन्मला. लहानपणी एका चांभाराकडे उमेदवारी केली, मेंढ्याही राखल्या. १६४३ मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं यादवी युद्ध भडकलेलं असताना, घर सोडून निघाला आणि गावोगावच्या पाद्र्यांना आपल्या मनाची तगमग सांगत फिरला. कुणाकडेच इलाज मिळाला नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे १६४७ च्या सुमारास त्याला आतून आवाज आला, की तुझ्या अवस्थेला बोलू शकेल असा एकच आहे, तो म्हणजे येशू ख्रिस्त.

इथवर कुणाला हरकत नव्हती. हरकत पुढच्या पायरीला होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात 'प्रत्येक मनुष्याला प्रकाशित करणारा खरा प्रकाश' असे शब्द आहेत. फॉक्सने त्यातला 'प्रत्येक' हा शब्द शब्दशः घेतला. तो प्रकाश पाद्र्यात आहे तसा मोळीविक्याच्या बायकोतही आहे. मग पाद्री कशाला? त्याच्या पगारासाठी शेतकऱ्याच्या पिकातून काढला जाणारा दशमांश कशाला? चर्चच्या इमारतीला तर हे लोक 'मनोऱ्याचं घर' म्हणत. देव काही तिथे राहत नाही, असा त्याचा अर्थ.

१६५२ मध्ये फॉक्स उत्तरेकडे गेला. फर्बँक फेलच्या माळावर हजारेक माणसांपुढे तासन्‌तास बोलला. त्यानंतर काही दिवसांतच अल्व्हरस्टनच्या चर्चमध्ये न्यायाधीश टॉमस फेल यांची पत्नी मार्गारेट बसली होती. तिने पुढे लिहून ठेवलंय की फॉक्स उठून म्हणाला: 'ख्रिस्त हे म्हणतो, प्रेषित ते म्हणतात, असं तुम्ही सांगाल. पण तुझं स्वतःचं म्हणणं काय?' ती आपल्या बाकावर बसून रडली. आपण सगळे चोर आहोत, शास्त्रातले शब्द तेवढे उचलले आणि आत काहीच उतरलं नाही, असं तिला वाटलं.

'तुझं स्वतःचं म्हणणं काय?' हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढची बहुतेक भांडणं यातूनच निघाली, बाहेरच्यांशी झालेली आणि घरातलीही.

हे तर मौन धरून बसणारे लोक. मग इतकं छापलं कशाला?

मौन होतं, सभेत. सभेबाहेर ही मंडळी भयंकर बोलकी होती. १६४१ मध्ये स्टार चेंबर हे न्यायालय बरखास्त झालं आणि त्याबरोबर छपाईवरचा जुना अंकुशही सैल पडला. लंडनमध्ये स्वस्त पत्रकांचा पूर आला. जॉर्ज थॉमसन या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात अशी बावीस हजारांच्या आसपास पत्रकं, वर्तमानपत्रं नि चोपड्या गोळा करून ठेवल्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. या पुरात १६५२-५३ पासून क्वेकर उतरले आणि सराईतपणे पोहले.

पत्रक म्हणजे काय, तर कागद दुमडून आठ किंवा सोळा पानं, शिवलेली, बांधणी नाही, अक्षर दाटीवाटीचं. मथळा मात्र अर्धं पान खाणारा. उपदेशक गावात येण्याआधी पत्रक पोचायचं. आल्यावर वादविवाद व्हायचा, तो स्थानिक पाद्री छापायचा, आणि महिन्याभरात त्याच्यावर क्वेकर उत्तर बाजारात. यासाठी पैसा लागतो, तो मार्गारेट फेलने १६५४ मध्ये उभारलेल्या केंडल निधीतून यायचा. स्वॉर्थमूर हॉल हे तिचं घर म्हणजे या सगळ्याचं टपालखातं. कोण कुठल्या तुरुंगात आहे, कुणाला कोट हवाय, कुठलं हस्तलिखित लंडनला पाठवायचंय, सगळी पत्रं तिच्याकडे.

छापायचं कोण?

मुख्यतः जाइल्स कॅल्व्हर्ट. सेंट पॉल कॅथीड्रलच्या पश्चिमेला 'काळा गरुड' या पाटीखाली त्याचं दुकान होतं. इतर बंडखोरांची पुस्तकंही तोच विकायचा. त्याची बहीण मार्था सिमंड्स स्वतः पत्रकं लिहायची, आणि तिचा नवरा टॉमस सिमंड्सही पुस्तकविक्रेता. मार्थाचं नाव पुढे नेलरच्या प्रकरणात पुन्हा येईल. १६६२ चा परवाना कायदा आल्यावर छापखान्यांवर धाडी वाढल्या, तरी छपाई काही थांबली नाही.

विरोधकांचा मुख्य आक्षेप काय होता? 'हे बायबल मानत नाहीत' हाच ना?

हो, पण तो जरा नीट मांडायला हवा. बायबल खोटं आहे असं कुणी क्वेकर म्हणत नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की ज्या आत्म्याने ते लिहवून घेतलं तो आधी, पुस्तक नंतर. बायबलला 'देवाचं वचन' म्हणायलाही ते तयार नसत, कारण योहानाच्या मते वचन म्हणजे ख्रिस्त. प्युरिटन म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट माणसाला हे ऐकून घाम फुटायचा. पुस्तक हा एकमेव मापदंड, त्याच आधारावर तर पोपशी भांडण झालं होतं. आता कुणीही उठून 'मला आतून कळलं' म्हणू लागला तर त्याला मोजायचं कशाने? आक्षेप अजिबात मूर्खपणाचा नव्हता, हे क्वेकरप्रेमी अभ्यासक कधीकधी विसरतात.

यातलं वाचायला सगळ्यात मजेदार भांडण बनियन आणि बरो यांचं. जॉन बनियन म्हणजे ज्याचं पुस्तक हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं, तोच. पण त्याचं छापलेलं पहिलं पुस्तक हे नव्हतं. ते होतं १६५६ मधलं, क्वेकरांविरुद्ध लिहिलेलं. यरुशलेमच्या वेशीबाहेर हाडामांसाचा ख्रिस्त मेला, आणि हे लोक त्याला विसरून 'आतला ख्रिस्त' घेऊन बसलेत, ही त्याची तक्रार. विशीतल्या एडवर्ड बरोने त्याच वर्षी उत्तर छापलं. बनियनने १६५७ मध्ये प्रत्युत्तर दिलं, बरोने पुन्हा उत्तर दिलं. दोघेही एकमेकांना खोटारडे म्हणतात, दोघेही उतारेच्या उतारे देऊन एकेक वाक्य फाडतात, आणि दोघांपैकी कुणीच कधी विद्यापीठात शिकलेलं नाही. बनियनचं घराणं भांड्यांना कल्हई-डाग देणाऱ्यांचं, बरो शेतकऱ्याच्या घरातला. असं पत्रकयुद्ध शंभर वर्षांपूर्वी शक्यच नव्हतं.

बरो १६६३ मध्ये न्यूगेट तुरुंगात तापाने गेला. बनियन बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात होता, आणि १६७२ मध्ये सुटला तो राजाच्या ज्या माफीनाम्याने, तो खटपट करून मिळवला होता क्वेकरांनी. यादीत ४९१ नावं, बहुतेक क्वेकरांचीच, आणि त्यात बनियनचंही.

विद्वानांच्या पातळीवरचं भांडण वेगळं. सॅम्युअल फिशर ऑक्सफर्डचा पदवीधर, आधी पाद्री, मग बाप्टिस्ट, मग क्वेकर. १६६० मध्ये त्याने जॉन ओवेनसारख्या पंडितांना एक जाडजूड उत्तर लिहिलं. त्यात तो विचारतो की तुमचं बायबल नक्की कुठलं? हिब्रू पोथ्यांत पाठभेद आहेत, स्वरचिन्हं नंतर घातलेली, काही पत्रं हरवलेली. मग 'अक्षर न्‌ अक्षर देवाचं' हे कुठल्या प्रतीबद्दल म्हणताय? भाषा शिवराळ नि वाक्यं मैलभर लांब, पण प्रश्न शंभर-दीडशे वर्षं पुढचा.

'तू' म्हणण्यावरून खरंच मारहाण व्हायची?

व्हायची. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. साहेबांना 'तू' म्हणून बघा.

त्या काळच्या इंग्रजीत एकवचनी 'दाउ' आणि बहुवचनी 'यू' असे दोन शब्द होते. वरच्या माणसाला एकटा असला तरी 'यू', म्हणजे आपलं 'तुम्ही'. नोकराला, पोराला, कुत्र्याला 'दाउ'. फॉक्सने ठरवलं की एका माणसाला एकवचन, मग तो न्यायाधीश असो की देशाचा सत्ताधीश क्रॉमवेल. कारण एकाला अनेकवचन लावणं हे खोटं बोलणं आहे, आणि अहंकाराला चारा घालणंही. मुलांनी बापाला 'दाउ' म्हटलं म्हणून घरातून हाकललं गेल्याच्या, मार खाल्ल्याच्या हकीकती आहेत.

आपल्याकडे आईला आणि विठोबाला 'तू' म्हणतात, तहसीलदाराला नाही. जवळीक आणि तुच्छता एकाच सर्वनामात राहतात. क्वेकरांनी यातली तुच्छता पुसून सगळ्यांना जवळीक लावायचा प्रयत्न केला. ऐकणाऱ्याला अर्थातच फक्त तुच्छता ऐकू आली.

याच्या समर्थनार्थ १६६० मध्ये फॉक्स, जॉन स्टब्स आणि बेंजामिन फर्ली यांनी जे पुस्तक काढलं ते माझ्या मते या सगळ्या साहित्यातलं सगळ्यात विक्षिप्त आणि लोभस पुस्तक. नाव 'बॅटल-डोअर'. पोरांना मुळाक्षरं शिकवायची मूठ असलेली पाटी असते ना, तसल्या पाटीला हे नाव होतं. पुस्तकातल्या पानापानांवर तशा पाटीची चौकट छापलेली आणि आत त्या-त्या भाषेचं एकवचन-अनेकवचन: लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी, फारसी, कॉप्टिक, वेल्श, पोर्तुगीज. बघा, जगभर एकाला एकवचनच आहे, आणि तुम्ही पदव्या घेतलेले मास्तर लोक, तुम्हाला तेवढंही येत नाही! भाषांचं काम स्टब्स आणि फर्लीचं. फॉक्सला या भाषा येत नव्हत्या, सही मात्र जागोजागी त्याची. मराठी त्यात नाही. असती तर 'आपण' पाहून तिघांचीही पंचाईत झाली असती.

जेम्स नेलरचं प्रकरण काय होतं?

याच्याबद्दल घाईने सांगता येत नाही.

नेलर यॉर्कशायरचा शेतकरी. पार्लमेंटच्या सैन्यात बरीच वर्षं काढलेला, जनरल लॅम्बर्टच्या हाताखाली क्वार्टरमास्टर. १६५२ नंतर तो क्वेकरांचा सगळ्यात गोड वक्ता आणि फॉक्सच्या तोडीचा लेखक झाला. १६५५ मध्ये लंडनला गेला आणि तिथे त्याच्याभोवती एक कोंडाळं जमलं. त्यात मार्था सिमंड्स होती, हॅना स्ट्रेंजर आणि तिचा नवरा जॉन होता. पुढे एक्सेटरच्या तुरुंगात त्याने आपल्याला मेलेलं उठवलं, असं डॉर्कस अर्बरी ही बाई सांगू लागली. नेलर थकलेला होता, उपास करत होता, आणि या लोकांना थांबवायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं असं दिसतं. फॉक्स त्याला एक्सेटरला भेटायला गेला. नेलर चुंबन घ्यायला पुढे झाला, तर फॉक्सने पाय पुढे केला. इतक्या लढ्यांतल्या जोडीदाराला असं वागवणं मला अजूनही खुपतं.

ऑक्टोबर १६५६. धो धो पाऊस. ब्रिस्टलच्या वेशीवर सात-आठ माणसं गुडघाभर चिखलातून चालतायत. मध्ये घोड्यावर नेलर, कुणी लगाम धरलाय, बायका ओल्या कपड्यांनी 'पवित्र, पवित्र, पवित्र' गातायत. ख्रिस्ताच्या यरुशलेम-प्रवेशाचं हे उघड सोंग होतं. लगेच अटक झाली. झडतीत पत्रं सापडली, त्यातल्या एकाला जॉन स्ट्रेंजरने ताजा कलम जोडला होता: तुझं नाव यापुढे जेम्स नाही, येशू.

नेलरचा बचाव असा, की मान मला नव्हे, माझ्यातल्या ख्रिस्ताला दिला गेला, मी फक्त खूण होतो. क्वेकर तत्त्वाला धरून हे बरोबरच होतं, आणि पंचाईत नेमकी तीच होती. प्रत्येकात ख्रिस्त आहे म्हणता, मग एकाने तसं वागून दाखवल्यावर नाही कसं म्हणणार?

खटला कोर्टात नाही, थेट पार्लमेंटात चालला. देशाचं बाकीचं कामकाज बाजूला ठेवून सभागृहाने डिसेंबरातले कित्येक दिवस यावर घालवले. फाशीचा प्रस्ताव ९६ विरुद्ध ८२ मतांनी पडला. त्याऐवजी जी शिक्षा झाली ती अशी: खोड्यात उभं करणं, लंडनच्या रस्त्यांतून फटके, तापलेल्या सळईने जीभ भोकणं, कपाळावर ईशनिंदकाचा 'बी' डागणं, मग ब्रिस्टलला नेऊन घोड्यावर उलटं बसवून धिंड, तिथे पुन्हा फटके, आणि शेवटी अमर्याद मुदतीची सक्तमजुरी. लंडनमध्ये ३१० फटके बसले. जीभ भोकताना रॉबर्ट रिच हा व्यापारी त्याच्याशेजारी उभा राहिला आणि नंतर त्याने त्याच्या कपाळावरची जखम चाटली. 'कुठल्या अधिकारात ही शिक्षा दिलीत?' असं क्रॉमवेलने पार्लमेंटला पत्र लिहून विचारलं, पण शिक्षा थांबवली नाही.

नेलर १६५९ मध्ये सुटला. त्याने जाहीरपणे चूक कबूल केली. फॉक्सशी समेट झाला, पण फार सावकाश आणि तोही दुसऱ्यांनी मध्ये पडून. १६६० च्या शरद ऋतूत तो पायी उत्तरेला घरी निघाला. हंटिंग्डनजवळ त्याला लुटून बांधून टाकलं गेलं, आणि थोड्या दिवसांत तो वारला. मरणाच्या दोनेक तास आधीचे म्हणून जे शब्द सांगतात त्यांची सुरुवात अशी: 'मला एक आत्मा जाणवतो, ज्याला वाईट करण्यात आनंद नाही, कुठल्या अन्यायाचा सूड घेण्यातही नाही...' सळईने भोकलेल्या जिभेचे हे शब्द आहेत, हे ध्यानात ठेवून वाचा.

बायकांना बोलायची मोकळीक पहिल्यापासून होती?

होती. क्वेकर कुणाही माणसापुढे टोपी काढत नसत, आणि विरोधकांना त्या टोपीइतकाच याचाही संताप यायचा. मेरी फिशर ही मोलकरीण. १६५३ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांशी वाद घातला म्हणून तिला जाहीर फटके मारले. १६५८ मध्ये तीच बाई बराचसा प्रवास पायी करून आद्रियानोपलला सुलतान चौथ्या मेहमेदसमोर उभी राहिली आणि आपला निरोप सांगून आली. सुलतानाने तिला इंग्लिश न्यायाधीशांपेक्षा जास्त अदबीने वागवलं, असं तिचंच म्हणणं.

लेखी बाजू मांडली मार्गारेट फेलने, १६६६ मध्ये, लँकेस्टरच्या किल्ल्यातल्या तुरुंगातून. शपथ घ्यायला नकार दिला म्हणून तिला जन्मठेप आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा झाली होती. (मत्तयात ख्रिस्त सांगतो, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं. त्यामुळे क्वेकर शपथ घेत नसत, आणि कुठल्याच आरोपात न सापडलेल्या क्वेकरला अडकवायला राजनिष्ठेची शपथ हे न्यायाधीशांचं हुकमी हत्यार होतं.) तिचं पत्रक वकिलाने लिहावं तसं आहे. 'स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे' असं पौल करिंथकरांना लिहितो. पण त्याच पत्रात आधी स्त्रियांनी संदेश देताना डोकं झाकावं असंही तो सांगतो. संदेश द्यायचाच नाही तर डोकं झाकायचं कशाला? आणि पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा नेली कुणी? पुरुष शिष्यांनी त्या बायांवर विश्वास ठेवला नसता, तर शुभवर्तमान तिथेच थांबलं असतं.

न्यायाधीश फेल वारल्यावर अकरा वर्षांनी, १६६९ मध्ये, तिने फॉक्सशी लग्न केलं. १७०० मध्ये, ती पंच्याऐंशीच्या पुढे गेलेली असताना, तरुण क्वेकरांनी सगळ्यांनी एकाच रंगाचे साधे कपडे घालावेत असा आग्रह धरला, त्यावर ती लिहिते की हे अगदीच खुळचट, दरिद्री शुभवर्तमान आहे.

ते पहिल्यापासून अहिंसावादी होते ना?

नाही. एकट्यादुकट्याचं सांगायचं तर फॉक्सने १६५१ मध्ये डर्बीच्या तुरुंगात असताना सैन्यातली कॅप्टनकी नाकारली. पण पहिल्या पिढीत माजी सैनिक भरपूर होते, आणि १६५० च्या दशकात खुद्द फॉक्स नि बरो यांनी सैन्याला उद्देशून लिहिलेल्या काही मजकुरात रोमपर्यंत चालून जायची भाषा आहे.

पंथ म्हणून जाहीर भूमिका आली जानेवारी १६६१ मध्ये. टॉमस व्हेनर आणि त्याच्या मूठभर साथीदारांनी लंडनमध्ये 'येशू राजा' म्हणत सशस्त्र बंड केलं, आणि सरकारने हजारो क्वेकर आत टाकले. तेव्हा बारा पुरुषांच्या सह्यांचं जाहीरनामा-पत्रक निघालं: आम्ही कुठल्याही हेतूने, कुठल्याही बाहेरच्या शस्त्राने लढणार नाही. पहिली छपाई सरकारने छापखान्यातच जप्त केली, म्हणून पुन्हा लिहावं लागलं. त्यात 'ख्रिस्ताचा आत्मा बदलत नाही' असं ठासून म्हटलंय, जणू आम्ही कायम असेच होतो. पत्रकावर साल १६६० दिसतं, कारण तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. यात पुष्कळ जण चुकतात.

बोस्टनमध्ये फाशी का दिली?

१६५६ मध्ये मेरी फिशर आणि ॲन ऑस्टिन बोस्टनला उतरल्या, तेव्हा त्यांची शंभराच्या आसपास पुस्तकं जल्लादाकरवी जाळली आणि त्यांना पाच आठवडे कोंडून परत पाठवलं. तुरुंगाच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या, कुणी बोलू नये म्हणून. १६५८ मध्ये कायदा आला: हद्दपार केलेला क्वेकर परत आला तर मृत्यू. ते परत आले. ऑक्टोबर १६५९ मध्ये विल्यम रॉबिन्सन आणि मार्माड्यूक स्टीव्हन्सन फासावर गेले. मेरी डायरच्या गळ्यात दोर अडकवून ऐनवेळी तिला सोडलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली आणि १ जून १६६० रोजी फाशी गेली. १६६१ मध्ये विल्यम लेड्रा. मग बरोने दुसऱ्या चार्ल्सला गाठून सांगितलं की तुमच्या राज्यात निरपराध रक्ताची शीर उघडली आहे. राजा म्हणाला, ती मी बंद करतो. फाशी थांबवणारं राजाचं पत्र घेऊन बोस्टनच्या गव्हर्नरसमोर गेला सॅम्युअल शॅटक, त्याच वसाहतीतून हद्दपार झालेला क्वेकर.

पेनचा खटला कायद्याच्या पुस्तकांत का असतो?

ऑगस्ट १६७० मध्ये लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवरच्या सभागृहाला सैनिकांनी टाळं ठोकलं होतं, म्हणून विल्यम पेन, पुढे पेनसिल्व्हेनिया वसवणारा क्वेकर, रस्त्यावरच बोलला. दंगलीचा आरोप, सोबत विल्यम मीड. कोर्टात शिरताना शिपायाने दोघांच्या टोप्या काढल्या होत्या, तर न्यायाधीशांच्या हुकमावरून त्या पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवल्या गेल्या आणि मग टोपी न काढल्याबद्दल दंड झाला!

ज्युरीने निकाल दिला: 'ग्रेसचर्च स्ट्रीटवर बोलल्याबद्दल दोषी.' बोलणं हा गुन्हाच नाही, म्हणून कोर्टाने परत पाठवलं. एडवर्ड बुशेल आणि सोबती हलेनात. अन्न, पाणी, विस्तव, तंबाखू यांतलं काही न देता त्यांना रात्रभर कोंडलं, पुन्हा विचारलं, पुन्हा कोंडलं. शेवटी बाराही जणांनी 'निर्दोष' म्हटलं आणि प्रत्येकाला चाळीस मार्क दंड झाला. बुशेलने तो भरला नाही. वरिष्ठ न्यायाधीश व्हॉन यांनी निकाल दिला की ज्युरीला तिच्या निर्णयासाठी शिक्षा करता येणार नाही. एवढं मात्र ध्यानात असू द्या, की कोर्टातल्या या संवादांचा प्रसिद्ध वृत्तांत क्वेकरांनीच छापलेला आहे. त्यात न्यायाधीश खलनायक वाटतात यात नवल नाही.

रॉजर विल्यम्स तर धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता. तो का भांडला?

स्वातंत्र्य द्यायचं आणि पटवून घ्यायचं, या वेगळ्या गोष्टी. ऱ्होड आयलंड या त्याने अमेरिकेत वसवलेल्या वसाहतीत त्याने क्वेकरांना कधी हात लावू दिला नाही. पण १६७२ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टपर्यंत दिवसभर होडी वल्हवत गेला, ते त्यांच्याशी वाद घालायला. फॉक्स तोवर निघून गेला होता. वाद झाला त्याच्या साथीदारांशी, तीन दिवस न्यूपोर्टला आणि एक दिवस प्रॉव्हिडन्सला. विल्यम्सने तो १६७६ मध्ये छापला. शीर्षकाचा अर्थ: जॉर्ज फॉक्सला बिळातून उकरून काढला. फॉक्स म्हणजे कोल्हा, आणि 'बरोज' म्हणजे बिळं, शिवाय एडवर्ड बरो. एका फटक्यात दोघे.

त्यांचं तत्त्वज्ञान एका जागी कुठे मिळतं?

रॉबर्ट बार्कली या स्कॉटिश तरुणाच्या 'अपॉलॉजी'त. लॅटिन १६७६, इंग्रजी १६७८. पंधरा सिद्धान्त, शिस्तशीर युक्तिवाद. पत्रकांतली आग मात्र त्यात नाही.

आतला आवाज सर्वोच्च, तर मग पंथात शिस्त कशी आली?

भांडून आली. जॉन पेरट रोमला पोपचं मन वळवायला गेला आणि तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात तीन वर्षं अडकला. परत आल्यावर म्हणाला, की माणसापुढे टोपी काढत नाही, तर प्रार्थनेतही ती काढायचा नियम कशाला? तर्क चोख होता. फॉक्सने त्याला फटकारलं. पुढे १६७० च्या दशकात जॉन विल्किन्सन आणि जॉन स्टोरी यांनी बायकांच्या वेगळ्या सभांना आणि लंडनहून येणाऱ्या फर्मानांना विरोध केला, आणि फूट पडली. त्यांचंही म्हणणं तेच होतं, की प्रकाश माझ्यात आहे तर मला विचारणारे तुम्ही कोण?

नेलरचा चटका कुणी विसरलं नव्हतं. १६७३ पासून लंडनमध्ये दर सोमवारी 'मॉर्निंग मीटिंग' ही समिती बसू लागली. सोमवारला हे लोक 'दुसरा दिवस' म्हणत, देवतांची नावं नकोत म्हणून. क्वेकर माणसाने लिहिलेलं काहीही छापण्याआधी तिथे वाचलं जायचं, दुरुस्त व्हायचं किंवा बाजूला ठेवलं जायचं. फॉक्सचे स्वतःचे कागदही तिथून सुटले नाहीत, आणि त्यावर तो चिडलाही.

तो १६९१ मध्ये वारला. त्याचं आत्मवृत्त १६९४ मध्ये निघालं ते टॉमस एलवुडने संपादित केलेलं. आंधळ्या कवी मिल्टनला पुस्तकं वाचून दाखवणारा तरुण तो हाच. चमत्कारांचे काही प्रसंग आणि फॉक्सची स्वतःबद्दलची भडक वाक्यं त्याने गाळली किंवा मवाळ केली. मूळ हस्तलिखित जसंच्या तसं १९११ मध्ये केंब्रिजहून छापलं गेलं. पण त्याची पहिली पानं हरवली आहेत, त्यामुळे फॉक्सचं बालपण आपल्याला फक्त एलवुडच्या हातून मिळतं.

गुलामगिरीविरुद्ध क्वेकर पहिले, हे खरं?

अर्धं खरं. १६७१ मध्ये बार्बाडोसला फॉक्सने मालकांना सांगितलं की गुलामांना माणसासारखं वागवा आणि काही वर्षांनी सोडा. पण गव्हर्नरला लिहिलेल्या पत्रात, आम्ही त्यांना बंड शिकवत नाही, असा खुलासाही आहे. गुलाम बाळगणारे क्वेकर पुष्कळ होते.

१६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी निषेध लिहिला. तो मासिक सभेने तिमाही सभेकडे ढकलला, तिने वार्षिक सभेकडे, आणि तिथे तो बाजूला पडला. फायली कशा फिरतात हे आपल्याला ठाऊक आहे. तो कागद पुन्हा सापडला १८४४ मध्ये. छापलेला पहिला निषेध १६९३ चा, जॉर्ज कीथच्या गटाचा. आणि कीथला तोवर फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी बाहेर काढलं होतं. त्याचा मुद्रक विल्यम ब्रॅडफर्ड याला आधीच अटक होऊन त्याचे छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जप्त झाले होते. ज्युरीतल्या एकाने पुरावा म्हणून आणलेल्या जुळणीला काठीने टोचलं आणि सगळी अक्षरं जमिनीवर सांडली, अशी आख्यायिका आहे.

भारताशी काही धागा?

सुरुवातीच्या काळातला एक, आणि तोही न जुळलेला. १६६१ मध्ये जॉन स्टब्स आणि हेन्री फेल पूर्वेकडे निघाले होते. राजाची परवानगी मिळाली, पण ईस्ट इंडिया कंपनीने टाळाटाळ केली आणि जहाजांच्या कप्तानांनी घेतलं नाही. दोघे अलेक्झांड्रियापर्यंत पोचले. क्वेकर मिशन आलं ते थेट १८६६ मध्ये, रेचल मेटकाफ बनारसला उतरल्या तेव्हा. पुढे होशंगाबाद हे त्यांचं केंद्र झालं. महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर मार्जरी साइक्स या क्वेकर बाईंनी सेवाग्रामला नई तालीमचं काम केलं.

वाचायला सुरुवात कुठून करू?

फॉक्सच्या आत्मवृत्तातलं १६५२ हे वर्ष, मग फेलचं स्त्रियांवरचं पत्रक. ते तासाभरात संपतं. नंतर बनियन आणि बरो पाठोपाठ, एकाला वाचून लगेच दुसरा. बार्कली शेवटी. फिशर वाचायला घेतलात तर चहा करून बसा, पहिलं वाक्य संपेपर्यंत तो थंड होतो.